सॉफ्टबॉलची बॅट वाढत्या अंगाची घ्यावी का?

सातवीची_आई

नमस्कार. माझी मुलगी घणसोलीच्या एका शाळेत सातवीत शिकते आणि जून महिन्यापासून शाळेच्या सॉफ्टबॉल संघाबरोबर सराव करते. तिचे वय बारा वर्षे, उंची १४६ सेंटिमीटर आणि वजन ३६ किलो आहे. शाळेकडे दोनच बॅट आहेत, दोन्ही ३४ इंची, आणि चौदा वर्षांखालच्या मुलींपासून एकोणीस वर्षांखालच्या मुलांपर्यंत सर्वजण त्यांनीच खेळतात. मुलगी उजव्या हाताने खेळते. चेंडू तिला नीट दिसतो, ती बॅट फिरवतेही, परंतु चेंडू लागलाच तर तो जवळजवळ दर वेळी पहिल्या बेसच्या, म्हणजे समोर पाहताना उजव्या हाताच्या, बाजूने रेषेबाहेर जातो. घरी आल्यावर डावे मनगट दुखते अशी तिची तक्रार असते.

तिच्यासाठी स्वतंत्र बॅट घ्यावी असे ठरवून मागच्या रविवारी मी ठाणे स्थानकाजवळच्या एका दुकानात गेले. दुकानदार बॅटला ‘स्लगर’ म्हणत होते. त्यांनी ३३ इंची काढून दिली आणि सांगितले की वाढत्या अंगाची घ्या, म्हणजे दोन-तीन वर्षे पुन्हा बघायला नको. दुसऱ्या दुकानात ‘ड्रॉप टेन’ हवी का, असे विचारले. तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते, म्हणून घरी परत आले. गणवेश आणि बूट आपण वाढत्या अंगाचेच घेतो. बॅटच्या बाबतीत तसे करता येते का? लांबी आणि वजन ठरवायचे कसे?

पाठीराखा

ताई, माझा अनुभव क्रिकेटचा आहे, तरीही सांगतो. मोठी बॅट घेतल्याने आजवर कोणाचे नुकसान झालेले मी पाहिलेले नाही. आम्ही कोपरीच्या मैदानात थोरल्या भावांच्या बॅट उचलूनच खेळायला शिकलो. क्रिकेटची मोठ्या माणसांची बॅट अकराशे-बाराशे ग्रॅमची असते आणि बारा-तेरा वर्षांची मुले ती उचलतातच. सॉफ्टबॉलची बॅट त्या मानाने काडीसारखी हलकी. जड बॅटने हात तयार होतात आणि फटका लांब जातो. दरवर्षी नवी बॅट घेणे कोणत्या मध्यमवर्गीय घराला परवडणार आहे?

मैदानकाका

मी ठाण्यात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. बरीच वर्षे शालेय संघांना सॉफ्टबॉल शिकवला, त्यामुळे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम क्रिकेटशी तुलना सोडून द्यावी. क्रिकेटमध्ये बॅट जमिनीवर टेकलेली असते. ती मागे उचलून खाली आणताना तिचे वजनच फलंदाजाला मदत करते, आणि चेंडू नुसता अडवला तरी चालते. सॉफ्टबॉलमध्ये बॅट खांद्यामागे हवेत धरून उभे राहावे लागते आणि तिथून ती आडवी फिरवायची असते. वजन खाली पडून मदत करत नाही, ते सगळे मनगटांना आणि कमरेला ओढावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार महिलांच्या सामन्यात पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूची, पट्टी बॅटरजवळच्या होम प्लेटपासून ४३ फुटांवर, म्हणजे सुमारे १३ मीटरवर असते. चेंडू ताशी ७० किलोमीटर वेगाने आला, तर बॅटरला पाऊण सेकंदही मिळत नाही. त्या अवधीत चेंडू कुठे येतो आहे हे ओळखायचे, मारायचा की सोडायचा हे ठरवायचे आणि बॅटही फिरवायची. बॅट फिरायला जितका वेळ जास्त घेते, तितका ओळखण्याचा वेळ कमी होतो. म्हणून आपल्या मुलीचा चेंडू पहिल्या बेसच्या बाजूला जातो. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीची बॅट उशिरा पोहोचली की असेच होते. तिची नजर चांगली आहे, बॅट मागे राहते आहे.

आता ‘ड्रॉप’. बॅटची लांबी इंचांत मोजतात आणि वजन औंसांत. लांबीच्या आकड्यातून वजनाचा आकडा वजा केला की जे उरते तो ड्रॉप. ३० इंची बॅट २० औंसांची असेल, तर ड्रॉप दहा. बॅटवर तो बहुधा उणे चिन्ह लावून लिहिलेला असतो. एक औंस म्हणजे २८ ग्रॅमांहून किंचित जास्त, त्यामुळे ही बॅट सुमारे ५६७ ग्रॅमची झाली. त्याच लांबीची ड्रॉप बाराची बॅट १८ औंसांची, म्हणजे ५१० ग्रॅमची असते. ड्रॉपचा आकडा मोठा, तर बॅट तिच्या लांबीच्या मानाने हलकी. आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या ॲल्युमिनियमच्या बॅटवर पुष्कळदा फक्त लांबी छापलेली असते, वजन नसतेच. अशा वेळी वजन करून घ्यावे आणि त्यात संकोच बाळगू नये.

लांबी पाहण्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत. मुलीला सरळ उभे करावे, बॅटचे जाड टोक तिच्या पायाशेजारी जमिनीवर टेकवावे आणि हात सैल सोडायला सांगावा. तळहात मुठीकडच्या गोल नॉबवर सहज पडला, तर लांबी बरोबर. कोपर वाकवावे लागले तर बॅट लांब आहे आणि खांदा झुकवावा लागला तर आखूड. दुसऱ्या पद्धतीत नॉब छातीच्या मध्यभागी ठेवून बॅट समोर आडवी धरायची आणि दुसरा हात तिच्या बाजूने लांब करायचा. बोटे जाड टोकाला जेमतेम पोहोचली पाहिजेत. मुलीच्या उंचीवरून मला ३० इंच योग्य वाटते, फार तर ३१. नियमाने ३४ इंचांपर्यंत लांबी आणि ३८ औंसांपर्यंत वजन चालते, पण ती कमाल मर्यादा आहे. शाळेने कमाल मापाची बॅट घेऊन ठेवली आणि ती सगळ्यांच्या हातात दिली, ही अडचण फक्त आपल्याच शाळेत आहे असे मुळीच समजू नका.

वजनासाठी मी मुलांना बॅट एका हाताने, मुठीच्या तळाशी धरून, खांद्याच्या रेषेत बाजूला ताठ धरायला सांगत असे आणि मनात वीस आकडे मोजत असे. वीस होण्याआधी टोक खाली झुकले किंवा थरथरू लागले, तर बॅट जड आहे. हे दुकानातच करावे, आणि मुलीला बरोबर नेल्याशिवाय बॅट घेऊ नये.

पाठीराखा, जड बॅटने हात तयार होतात हे अर्धसत्य आहे. ताकद वाढवायची तर व्यायाम वेगळा करता येतो. जड बॅटने रोज शंभर वेळा उशिरा फिरवले, तर शरीराला उशिरा फिरवण्याचीच सवय लागते. शिवाय वजन न पेलणारे मूल कोपर पडू देते, बॅट वळसा घेऊन खालून वर येते आणि ही खोड मोडायला मला एकेका मुलामागे पूर्ण हंगाम घालवावा लागला आहे.

पाठीराखा

काका, उशिरा फिरण्याचा मुद्दा पटला. पण हलकी बॅट घेतली, तर चेंडूला जोर कुठून येणार? मारणाऱ्या वस्तूत वजन नको का?

ऐरोलीची_शॉर्टस्टॉप

याचे उत्तर मी देते, कारण दोन्ही टोकांच्या चुका मी स्वतः केल्या आहेत. मी शाळेत आणि पुढे विद्यापीठाच्या संघात सॉफ्टबॉल खेळले.

हलत्या वस्तूची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे आपण नववी-दहावीत शिकलेलो असतो. वजन एक दशांशाने वाढवले आणि त्यामुळे वेग एक दशांशाने घटला, तर हिशोब तोट्यात जातो. मात्र याचा अर्थ जितकी हलकी तितकी चांगली, असा घेऊ नये. सॉफ्टबॉलचा बारा इंच घेराचा चेंडू १७८ ते १९८ ग्रॅमचा असतो. बॅट फारच हलकी असली, तर चेंडूच्या धक्क्याने तीच मागे ढकलली जाते, हाताला झिणझिण्या येतात आणि चांगला बसलेला फटकाही इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या आसपासच्या भागातच, मरतो. बारावीत असताना मी हट्टाने धाकट्या बहिणीची बॅट वापरली होती. वेग भरपूर होता, पण चेंडू शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, पुढे जाईना. म्हणून माझ्या मते जी बॅट शेवटच्या इनिंगमध्येही पहिल्या इनिंगइतक्याच वेगाने फिरवता येते, त्यांतली सर्वांत जड बॅट घ्यावी. दुकानात पहिल्या दोन फटक्यांना प्रत्येक बॅट हलकीच वाटते. पंधरा-वीस वेळा फिरवल्यावर खरे कळते.

काकांनी वजन सांगितले, त्यात एक भर घालते. काट्यावरचे वजन आणि हाताला जाणवणारे वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातली हातोडी दांड्याने धरून हलवून पाहा आणि मग उलटी, लोखंडाकडून धरून हलवा. काट्यावर वजन तेच, पण उलटी धरलेली हातोडी काडीसारखी फिरते. वजन मुठीपासून जितके दूर, तितके ते फिरवायला कठीण, आणि हे अंतराच्या वर्गाने वाढते. काही बॅटमध्ये वजन मुद्दाम टोकाकडे ठेवलेले असते. अशी बॅट ताकदवान, मोठ्या वयाच्या खेळाडूंसाठी असते. लहान मुलीला समतोल बॅटच द्यावी. ओळखायचे कसे, तर बॅट एका बोटावर आडवी तोलून धरायची आणि तोल जिथे साधतो तिथे पेन्सिलीने खूण करायची. एकाच लांबीच्या, एकाच वजनाच्या दोन बॅट असतील, तर जिची खूण मुठीच्या जवळ पडते ती घ्यावी.

नवी बॅट येईपर्यंत मुलीला शाळेच्या बॅटवर हात नॉबपासून दोन इंच वर धरायला सांगा. त्यात कमीपणा काहीच नाही. लांबी आणि जाणवणारे वजन दोन्ही एकदम कमी होतात, आणि पैसे लागत नाहीत.

सातवीची_आई

काका आणि ताई, मनापासून आभार. काल सरावानंतर क्रीडाशिक्षकांची परवानगी घेऊन आम्ही शाळेची बॅट घरी आणली. घरचा स्वयंपाकाचा काटा बिघडलेला असल्यामुळे इमारतीखाली बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींना विनंती केली. त्यांनी कोथिंबिरीच्या जुड्या बाजूला सारल्या आणि बॅट काट्यावर आडवी ठेवली. आकडा आला ८६० ग्रॅम. “एवढ्याचे तर भरताचे वांगे येते,” असे म्हणून त्यांनी बॅट मुलीच्या हातात दिली.

८६० ग्रॅम म्हणजे साधारण ३० औंस, आणि बॅट ३४ इंची, म्हणजे ड्रॉप जेमतेम चार. एका हाताने धरण्याची परीक्षाही घेतली. अकराव्या आकड्याला टोक खाली आले. मुलीला हे सगळे पाहून बरेच हलके वाटले, कारण आपल्याला खेळता येत नाही असे तिने मनाशी धरले होते.

आता प्रश्न असा की ऑनलाइन पुष्कळ प्रकार दिसतात. तिथून घ्यावी का?

फसलेला_बाप

मी खारघरला राहतो. मुलासाठी मागच्या वर्षी एका संकेतस्थळावरून बॅट मागवली होती. पानावर ‘बेसबॉल-सॉफ्टबॉल बॅट’ असे लिहिलेले होते आणि छायाचित्रात सगळ्या बॅट सारख्याच दिसतात. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत सामन्यापूर्वी पंचांनी सर्व बॅट एका कड्यातून घालून पाहिल्या. आमची कड्यातच अडकली. मुलाने तो सामना प्रतिस्पर्धी संघाची बॅट मागून खेळला. विक्रेत्याकडे तक्रार केली तेव्हा परत करण्याची मुदत संपलेली होती. ती बॅट आता घरात दारामागे उभी असते, आणि तिच्यासारख्या बऱ्याचशा बॅट आपल्याकडे बहुधा त्याच कामासाठी विकत घेतल्या जात असाव्यात.

त्यानंतर मी शिकलो ते असे. सॉफ्टबॉलच्या बॅटचा सर्वांत जाड भागाचा व्यास सव्वादोन इंचांपेक्षा, म्हणजे ५.७ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. बेसबॉलच्या बॅट यापेक्षा जाड असू शकतात. व्यास मोजणे घरी कठीण जाते, पण शिंप्याची फीत सर्वांकडे असते. सर्वांत जाड जागी फीत गुंडाळली, तर घेर १८ सेंटिमीटरच्या आत भरला पाहिजे. वीस-एकवीस भरला, तर ती बेसबॉलची. ऑनलाइन घ्यायचीच असेल, तर लांबी, वजन आणि व्यास तिन्ही आकडे पानावर लिहिलेले असल्याशिवाय घेऊ नका, आणि बॅट आल्या दिवशीच फीत लावा.

मैदानकाका

फितीची युक्ती उत्तम आहे. पंच आणखीही काही गोष्टी पाहतात. बॅटला तडा किंवा खोल पोचा नसावा, हलवल्यावर आत काही खुळखुळू नये, मुठीवरची ग्रिप निदान दहा इंच लांब असावी आणि पंधरा इंचांच्या पुढे जाऊ नये, टोकाचा नॉब शाबूत असावा. जुनी बॅट घेत असाल, तर हे सारे स्वतः तपासावे. जाड भागावर बोटांच्या सांध्यांनी गोल फिरत टकटक करत जावे. एखाद्याच ठिकाणी आवाज बद्द आला, तर तिथे तडा असण्याची शक्यता धरावी.

दरवर्षी नवी बॅट परवडत नाही हे पाठीराखा यांचे म्हणणे मात्र अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर जुन्या बॅटमध्येच आहे. मुलींची उंची या वयात झपाट्याने वाढते, त्यामुळे कोणाची तरी ३० इंची बॅट वर्ष-दीड वर्षात मोकळी होतेच. आमच्या संघात पालकांनी मिळून २९, ३० आणि ३२ इंची अशा तीन बॅट घेतल्या होत्या, त्या सहा वर्षे पुरल्या. दुकानांपैकी मुंबईत धोबी तलावाच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत निवड जास्त मिळते. ठाण्याहून तिकडे जायला अर्धा दिवस मोडतो, परंतु चार बॅट हातात धरून पाहता येतात.

प्रकाराविषयी थोडक्यात. मुलीला मिश्रधातूची, म्हणजे नेहमीची ॲल्युमिनियमची बॅट पुरेशी आहे. ती पहिल्या दिवसापासून पूर्ण क्षमतेने चालते, पोचा पडला तरी एकदम तुटत नाही आणि स्वस्त असते. कंपोझिटची, म्हणजे कार्बनसारख्या तंतूंपासून बनवलेली, बॅट हाताला कमी झिणझिण्या देते, पण चांगल्या परदेशी बॅटची किंमत पाच आकड्यांत जाते. शिवाय ती आधी ‘उघडावी’ लागते. दीडदोनशे चेंडू, आधी हळू आणि मग जोराने, दर फटक्याला बॅट थोडी फिरवत मारल्यानंतर ती खुलते. थंडीत ती तडकण्याचा धोका असतो. आपल्या हवेत त्याची काळजी नाही, पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे राष्ट्रीय स्पर्धेला जाणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे.

कोणत्याही प्रकारच्या बॅटने सीझन बॉल, म्हणजे क्रिकेटचा कठीण चामडी चेंडू, मारू देऊ नका. सराव संपल्यावर क्रिकेटची मुले चेंडू टाकतात, आपली मुले हौसेने मारतात, आणि ॲल्युमिनियमला पडलेला पोचा पुन्हा भरून निघत नाही.

पाठीराखा

दोन गोष्टी विचारतो. माझी पुतणी डावखुरी आहे, तिला वेगळी बॅट लागते का? आणि ग्रिप गुळगुळीत झाली, तर काय करायचे? आमच्याकडे पावसाळ्यात सगळेच हातातून निसटते.

ऐरोलीची_शॉर्टस्टॉप

बॅट गोल असल्यामुळे डावी-उजवी असा भेद नसतो, तो हातमोज्यात असतो. ग्रिपसाठी बॅडमिंटनच्या रॅकेटची वरून गुंडाळायची पट्टी आम्ही वर्षानुवर्षे वापरली. खालून वर गुंडाळावी आणि पंधरा इंचांच्या आत संपवावी. एकावर एक थर चढवू नयेत, कारण मूठ जाड झाली की लहान मुलीची बोटे पुरत नाहीत आणि ती घट्ट आवळून धरते. आवळलेली मनगटे सैल फिरत नाहीत. मुलीच्या मनगटाच्या दुखण्याचे एक कारण हेही असू शकते, तेव्हा शाळेच्या बॅटवर किती थर आहेत ते पाहा. दुखणे बॅट बदलूनही राहिले, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

सातवीची_आई

शाळेच्या बॅटवर तीन थर निघाले. सर्वांत आतला मूळचा, काळा, आणि भिजून भिजून कुजलेला होता.

शनिवारी मुलीला घेऊन धोबी तलावाला जाऊन आले. तिने दुकानाबाहेरच्या पदपथावर पाच बॅट वीस-वीस वेळा फिरवल्या. दुकानदारांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले, पण काही बोलले नाहीत. ३१ इंची तिला आवडली होती, परंतु सतराव्या-अठराव्या फटक्याला तिचे मागचे कोपर पडलेले मला दिसले, आणि काकांचे लिहिणे आठवले. अखेरीस ३० इंची, समतोल, ॲल्युमिनियमची घेतली. वजन छापलेले नव्हते. आमच्या मावशींच्या काट्यावर ५८० ग्रॅम भरले, म्हणजे ड्रॉप साडेनऊच्या आसपास. फितीने घेर पावणेअठरा सेंटिमीटर आला. एका हाताने धरून मुलीने सव्वीसपर्यंत मोजले.

आज पहिला सराव झाला. मनगट दुखले नाही. दहापैकी सात चेंडू बॅटला लागले आणि त्यांतले चार तिसऱ्या बेसच्या, म्हणजे डाव्या, बाजूने रेषेबाहेर गेले, कारण आता ती चेंडू यायच्या आधीच बॅट फिरवून मोकळी होते. क्रीडाशिक्षक म्हणाले की हे आठ दिवसांत सुटेल. आणखी दोन मुलींच्या आयांनी बॅटची लांबी आणि दुकानाचा पत्ता विचारला आहे. त्यांतली एक मुलगी माझ्या मुलीपेक्षा एक वीत उंच आहे, म्हणून तिच्या आईला मी आधी हा धागा वाचायला पाठवला आहे.